सळई झाकण्याआधी

आशियातल्या मोठ्या ग्रामपंचायतींत ज्या अकलूजचे नाव वर्षानुवर्षे घेतले गेले, तिथे २०२१ मध्ये नगरपरिषद आली. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०२० मध्ये, राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली होती. या नियमावलीने लहान घर बांधणाऱ्याचे हेलपाटे खरोखरच कमी केले. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंतचा असेल, तर वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक अभियंत्याने नियमांत बसतो असे लिहून दिलेला नकाशा आणि शुल्काची पावती एवढ्यावर काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी मिळावी अशी तरतूद आहे. ग्रामीण भागासाठीही २०२१ मध्ये ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना कार्यालयाच्या परवानगीतून मोकळीक देण्यात आली. मला हे पाऊल योग्य वाटते, कारण एका मजल्याच्या घरासाठी माणसाने वर्षभर टेबलामागून टेबल फिरण्यात कोणाचे भले नव्हते. पण कार्यालयाने तपासणीचा जेवढा भार उतरवून ठेवला, तेवढा तो एका सहीवर आला. आणि ती सही करणारा माणूस घरमालकाने स्वतः शोधलेला असतो का? बहुतेकदा नाही. ठेकेदारच म्हणतो, ‘नकाशाचं, परवानगीचं आमचा माणूस बघतो, तुम्ही काळजी करू नका.’ ज्याचे काम तपासायचे, तपासणाराही त्याचाच.

माझे म्हणणे थोडक्यात असे : घर बांधणाऱ्याने आपला परवानाधारक अभियंता आपण नेमावा, त्याचे पैसे आपण द्यावेत, आणि काँक्रीट पडून जे कायमचे झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी त्याने जागेवर येऊन पाहावे. याला विरोध करणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्या शंका अनुभवातून आलेल्या आहेत आणि त्यातली एक तर फार खरी आहे. म्हणून पुढची मांडणी दोघांच्या तोंडून करतो. अकलूजमध्ये सव्वा गुंठ्यावर, म्हणजे साधारण १२६ चौरस मीटरवर, दुमजली घर बांधू पाहणारे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले मामा, आणि स्थापत्य शाखा शिकून बांधकामांवर देखरेख करणारी त्यांची भाची. दोघेही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र पाया खणण्याआधी घरोघर निघतात तेच आहेत.

मामा म्हणतात, “अगं, ज्या मिस्त्रीच्या हातून आमच्या गल्लीतली निम्मी घरं उभी राहिली, त्याच्या डोक्यावर मी आता माणूस बसवू? तीस वर्षं तो गवंडीकाम करतोय. त्याचं एक घर पडल्याचं ऐकलंस का? तुमचा इंजिनिअर कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला असणार. आणि पैशाचंही बघ. नकाशावाल्याला दिले, आरसीसी डिझाइनवाल्याला दिले, आता नुसतं बघणाऱ्याला तिसऱ्यांदा द्यायचे. तेच पैसे मी सळईत घातले तर घर आणखी बळकट होईल, असं मला वाटतं.”

“मामा, मिस्त्रींच्या हाताला मी नावं ठेवत नाही,” भाची म्हणते. “पण ते ज्या घरांवर शिकले ती घरं वेगळी होती. दगड-विटांची भिंत, वर माळवद नाहीतर पत्रा. भिंत वाकडी चढली तर ओळंबा सोडला की कळतं. सांधा चुकला तर डोळ्याला दिसतो. आता तुम्ही कॉलम-बीमचं घर बांधताय. यात घराचं वजन पेलणारी वस्तू म्हणजे आतली सळई, आणि ती स्लॅब पडेपर्यंतच दिसते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारा, मला विचारा, कोणालाच काही सांगता येणार नाही. आणि सळई जास्त घातली म्हणजे घर बळकट झालं, असंही नाही. चुकीच्या जागी घातलेली दुप्पट सळई योग्य जागी घातलेल्या निम्म्या सळईएवढंही काम करत नाही. तुमच्या घराला पुढे चार फुटांचा सज्जा आहे ना? त्याचंच बघू.”

सज्ज्याचे हे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आतल्या खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकलेला असतो, त्यामुळे तो मध्ये खाली लवतो आणि ताण खालच्या अंगाला येतो; म्हणून तिथली मुख्य सळई तळाशी असते. बाहेर काढलेला सज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. तो टोकाला लवतो, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याची मुख्य सळई वर हवी. फिटर ती वर बांधतोही. पण स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसांची रांग त्याच सळईवरून ये-जा करते. खाली आधाराच्या खुर्च्या पुरेशा नसतील, तर पायाखाली सळई दोन-तीन इंच दबते आणि पाच इंचांच्या स्लॅबमध्ये तळाशी जाऊन बसते. वरून काँक्रीट ओतले की सगळे सारखे दिसते. गिलावा होतो, रंग लागतो, रेलिंग बसते. घरात लग्नकार्य निघून वीस माणसे एकदम त्या सज्ज्यावर उभी राहीपर्यंत कोणाला काही कळत नाही. यात मिस्त्रीची लबाडी नाही, सिमेंटची चोरी नाही. त्या दिवशी, त्या दोन तासांत, ‘सज्ज्यावरून चालू नका, फळी टाका’ असे म्हणणारा माणूस तिथे नव्हता, एवढेच.

रिंगांचेही असेच आहे. कॉलमच्या उभ्या सळयांना गुंडाळलेल्या रिंगेचे टोक काटकोनात वळवून सोडले, की फिटरचे काम पटकन होते. भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट निसटले तर असे टोक उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळवले, तर रिंग पकड सोडत नाही. भारतीय मानक १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीने तिसऱ्या आणि त्यावरच्या भूकंप विभागांत हे बंधनकारक मानले आहे, आणि २००२ च्या नकाशात सोलापूर तिसऱ्या विभागात धरले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. सुमारे दहा हजार माणसे गेली, बरीचशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरच्या जड माळवदाखाली. त्या धसक्याने आपल्याकडच्या लोकांनी दगडमाती सोडून काँक्रीट धरले. पण आतले रिंगेचे टोक काटकोनात सुटलेले असेल, तर नुसत्या काँक्रीटच्या भरवशावर राहता येत नाही.

मामांचा पुढचा मुद्दा तपासणीचाच आहे. “तू म्हणतेस बघणारा कोणी नसतो. असतो की! नगरपरिषद आहे. कर्ज काढलं तर बँकेचा माणूस प्रत्येक हप्त्याआधी येऊन जातो. घरकुलवाल्यांचं तर मोबाइलवर फोटो काढून, जागेच्या खुणेसकट वर जातं, तेव्हा कुठे पुढचा हप्ता सुटतो. एवढे डोळे असताना आणखी एक कशाला?”

“त्यातला एकही डोळा सळईकडे बघत नाही, मामा,” भाची उत्तर देते. “नगरपरिषद बघते ती हद्द, सोडलेलं अंतर, उंची, नकाशापेक्षा बांधकाम वाढवलं का ते. ते रस्त्यासाठी, शेजाऱ्यासाठी गरजेचं आहे, पण तुमच्या कॉलममध्ये किती सळया आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. बँकेचा व्हॅल्युअर बघतो की दिलेल्या पैशांइतकं काम जागेवर झालंय का. तो बँकेचे पैसे राखतो. घरकुलाचा फोटो सांगतो की भिंत लिंटलपर्यंत आली. ती कशी आली, हे फोटोत कसं दिसणार? उलट फ्लॅट घेणाऱ्यांचं बघा. रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात बिल्डरला वेगळ्या खात्यातून पैसे काढायचे तर अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीचा दोष निघाला तर बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. पण भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठच्या वर नसतील, तर त्या नोंदणीची सक्ती नाही. आयुष्याची पुंजी घालून स्वतःचं घर बांधणारा माणूस त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. त्याच्यासाठी ही जागा कोणीच भरलेली नाही. ती त्यालाच भरावी लागते.”

इथपर्यंत भाचीची बाजू जड वाटते. पण मामांचा खरा आक्षेप आता येतो, आणि या विषयावरच्या बऱ्याच लेखनात त्याला बगल दिली जाते. ते म्हणतात, “तुझं सगळं बरोबर धरू. पण सही विकत मिळते, हे तुला माहीत नाही असं नाही. तुमच्यातलेच लोक जागेवर न जाता कागदावर शिक्का मारतात. ‘माझ्या देखरेखीखाली बांधकाम पूर्ण झाले’ असं लिहून देणाऱ्याने ती जागा पाहिलेलीही नसते. मग मी पैसे देऊन काय घेणार? आणखी एक कागद? त्यापेक्षा सिमेंटच्या गोण्या मी स्वतः मोजीन, दिवसभर खुर्ची टाकून बसेन.”

हा आक्षेप खरा आहे, आणि तो फक्त आपल्या गावाला लागू नाही. २४ ऑगस्ट २०२० ला रायगडमधल्या महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. इमारत जेमतेम सात-आठ वर्षांची होती. महाडही अकलूजसारखेच नगरपरिषदेचे गाव. गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार, वास्तुविशारद आणि पालिकेचे अधिकारी होते. म्हणजे कागदावर तांत्रिक माणसे होती. बाहेरच्या देशांचा अनुभवही मामांच्याच बाजूचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९३ च्या कायद्याने बांधकाम तपासणीचे काम खासगी परवानाधारकांना खुले केले. काम झटपट होऊ लागले, पण हळूहळू दिसून आले की तपासणारा बिल्डरच आणतो, पुढचे कामही त्याला बिल्डरकडूनच मिळायचे असते, मग तो अडवणार कोणाला? २०१८ मध्ये त्या देशातल्या सरकारांसाठी झालेल्या शेरगोल्ड-वेअर अहवालाने या हितसंबंधांवर स्पष्ट बोट ठेवले. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्याने खासगी निरीक्षक आले, आणि गिऱ्हाईक टिकवण्यासाठी पालिकांचे तपासणी विभागही त्यांच्याशी स्पर्धा करू लागले. १४ जून २०१७ ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळून ७२ माणसे मेली. चौकशीच्या २०२४ च्या अहवालात या दोषाचाही समाचार घेतलेला आहे : नियम राखण्यापेक्षा गिऱ्हाईक सांभाळण्याकडे तपासणाऱ्यांचा कल गेला होता.

मग मामांचे म्हणणे मान्य करून थांबायचे? मला वाटते हाच पुरावा दुसऱ्या बाजूने वाचला पाहिजे. या ठिकाणी परवान्याची अडचण नव्हती, परवाने होतेच. अडचण होती ती नेमणूक कोणी केली आणि पैसे कोणी दिले याची. व्हिक्टोरियाने २०१६ मध्ये नेमकी हीच गाठ सोडवली : घरगुती बांधकामात मालकाच्या वतीने तपासणारा नेमण्याची बिल्डरला मनाई केली, नेमणूक मालकानेच करायची. त्याने सगळे दोष गेले असे नाही, पण दुखणे कुठे आहे ते त्यांनी ओळखले. आपल्याकडे असा नियम होण्याची वाट पाहावी लागत नाही. अकलूजचा घरमालक उद्या सकाळी तो स्वतःपुरता लागू करू शकतो. ठेकेदाराच्या ‘आमच्या माणसा’ला नकाशा आणि परवानगीपुरते ठेवावे किंवा नकोच म्हणावे, आणि पाहणारा माणूस वेगळा, ठेकेदाराशी देणेघेणे नसलेला, शक्यतो दुसऱ्या गावचा शोधावा.

भाची तेच वेगळ्या शब्दांत सांगते. “मामा, तुम्ही कागद विकत घेऊ नका, फेऱ्या विकत घ्या. ठरवतानाच ठरवा की घराच्या शेवटी मिळणाऱ्या दाखल्याचे पैसे नाहीत. तो जागेवर आला, त्याने पाहिलं, लिहिलं, की त्या फेरीचे पैसे. आला नाही तर नाही. आणि तुम्ही खुर्ची टाकून बसा, जरूर बसा. सिमेंटच्या गोण्या तुमच्याइतक्या नीट दुसरा कोणी मोजणार नाही. पण काँक्रीट कालवणाऱ्या मिलरमध्ये बादलीने जास्तीचं पाणी ओतलं जातं तेव्हा तुम्हाला ते चुकीचं वाटणार नाही, कारण माल सैल झाला की पटापट पसरतो आणि काम छान चाललेलं दिसतं. तेवढ्या पाण्याने काँक्रीटची ताकद किती उतरते, हे त्या दिवशी दिसत नाही.”

“आणि मिस्त्रीला काय वाटेल?” मामा विचारतात. “उद्या त्याच्याच पोराच्या लग्नाला मला जायचंय. विश्वास नाही म्हणून माणूस आणला, असं तो गावभर सांगेल.”

या प्रश्नावर भाची जे बोलते ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. “घरातल्या किती चुका मिस्त्रींच्या असतात आणि किती मालकाच्या, याचा विचार केलाय का तुम्ही? मालकच म्हणतो, एवढी सळई कशाला, शेजाऱ्याने तर कमीच घातली होती. मालकच म्हणतो, दसऱ्याला वास्तुशांत करायची, चौथ्या दिवशी सेंट्रिंग काढा. मिस्त्रींना कळत असतं, पण पैसे देणाऱ्याला नाही म्हणायचं बळ त्यांच्यात नसतं. तुम्हीच मला परवा म्हणालात ना, पुढेमागे तिसरा मजला चढवू? डिझाइन दोन मजल्यांचं आहे. हे मिस्त्री तुम्हाला सांगणार नाहीत, ठेकेदार तर मुळीच नाही. अभियंता सांगेल, आणि मिस्त्रींनाही त्याच्याकडे बोट दाखवता येईल : ‘मालक, मी केलं असतं, पण साहेब नाही म्हणतात.’ त्यांच्या कामावर शंका घ्यायला नाही, तुमच्या घाईला लगाम घालायलाही तो माणूस लागतो.”

आता खर्च. अभियंत्यांचे दर गावागणिक आणि माणसागणिक बदलतात, म्हणून आकडा सांगण्यापेक्षा काम किती ते सांगणे बरे. त्याने रोज यायची गरज नाही. विटा रचताना, गिलावा करताना मिस्त्रीचा हात आणि मालकाची नजर पुरते. ज्या क्षणानंतर वस्तू झाकली जाते, त्या क्षणांना मात्र यायला हवे. पायाचा खड्डा पूर्ण खणल्यावर, पीसीसी म्हणजे तळाचे साधे काँक्रीट टाकण्याआधी. फूटिंग आणि कॉलमची जाळी बांधल्यावर. प्लिंथ बीम भरण्याआधी. आणि प्रत्येक स्लॅबच्या वेळी दोनदा : आदल्या दिवशी सळई पाहायला, आणि प्रत्यक्ष ओतण्याच्या दिवशी निदान सज्जा आणि जिना होईपर्यंत. दुमजली घराला अशा सात-आठ फेऱ्या होतात.

त्यातली पहिली फेरी अकलूजच्या मातीत सर्वांत मोलाची आहे. नीरा उजव्या कालव्याच्या आणि उसाच्या या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा, अडकणारी दारे, उखडलेली फरशी हे सगळे तिथून येते. रूढ पद्धत मुरूम लागेपर्यंत खोदण्याची आहे आणि ती योग्यच आहे. पण शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही तिथेच लागेल असे नसते. जुना ओढा, बुजवलेली विहीर, भरावाची जमीन असली की एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळीच माती निघते. अर्धे घर एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर, ही सर्वांत वाईट स्थिती. शंका असेल तर माती किती फुगते हे पाहायची साधी चाचणी आहे : चाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती रॉकेलमध्ये आणि तेवढीच पाण्यात टाकून चोवीस तास ठेवायची आणि दोन्हींचे आकारमान मोजायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक किती त्यावरून अंदाज येतो. माती फारच खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरता येतात. हा निर्णय खड्ड्यात उतरून घ्यायचा असतो, आणि तो ठेकेदाराच्या माणसाने घेऊ नये, कारण खोदाई वाढली की अंगावर घेतलेल्या कामात ठेकेदाराचा नफा घटतो.

पाण्याचाही इथे वेगळा विचार हवा. कालव्याच्या पट्ट्यातल्या कित्येक विहिरी आणि बोअर खारट झालेल्या आहेत. भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, कारण क्षाराने सळई आतून गंजते आणि दहा-बारा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडू लागतात. बोअरचे पाणी एकदा तपासून घेणे ही त्या अभियंत्याची पहिल्या फेरीतली मागणी असायला हवी.

मामांची एक शंका उरतेच. “ठोकळे भरून तपासतात म्हणे काँक्रीट. पण निकाल अठ्ठावीस दिवसांनी. तोवर वरच्या भिंती चढलेल्या. नापास झालं तर काय, स्लॅब फोडू?”

“म्हणूनच ठोकळे एकटे पुरत नाहीत,” भाची मान्य करते. “तुमचा नऊशे चौरस फुटांचा, पाच इंचांचा स्लॅब म्हणजे सुमारे साडेदहा घनमीटर काँक्रीट. मानकाप्रमाणे एवढ्याला दोन नमुने लागतात, एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे सहा. आणखी तीन भरले तर सातव्या दिवशीच अंदाज येतो आणि वर भिंती चढवायच्या की थांबायचं ते ठरवता येतं. दाबून बघायचं यंत्र कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात असतं. पण खरं सांगू का, ठोकळे भरणार आहेत हे माहीत असलं की मिलरवरची पाण्याची बादली आपोआप आवरली जाते. आणि स्लॅबचा हप्ता ओतल्या दिवशी सगळा देऊच नका. काही भाग निकालापर्यंत राखून ठेवायचं करारातच लिहा. उद्या वाद झाला तर ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. तिथे तोंडी सांगून भागत नाही, तारखेसकट नोंद लागते.”

करार या शब्दावर मामा सावध होतात, आणि इथे त्यांनी घातलेली अट भाचीला सुचलेली नव्हती. “बरं, तुझं ऐकतो. पण मग बांधायचं तर दोघांनाही बांधायचं. स्लॅबच्या आदल्या दिवशी माझी माणसं तयार, सेंट्रिंगचं भाडं रोज चढतंय, मिलर ठरवलाय, आणि तुझा इंजिनिअर म्हणाला आज जमत नाही, परवा येतो, तर? मिस्त्रीच्या आठ-दहा माणसांचा खाडा कोणी भरायचा? सगळे नियम ठेकेदारालाच का? मी त्याला दोन दिवस आधी कळवीन. तो ठरल्या वेळी आला नाही तर त्या दिवसाचा खाडा त्याच्या पैशातून जाईल. आणि आल्यावर तोंडी ‘ठीक आहे’ म्हणून जायचं नाही. जागेवर एक वही राहील. काय बघितलं, काय चुकलं, काय दुरुस्त करायचं, तारीख, वेळ, सही. खाली मिस्त्रीचीही सही. त्याला पटलं नाही तर त्याने तेही तिथेच लिहावं.”

भाचीला हे पटायला वेळ लागत नाही. देखरेख करणाऱ्यांना असे बांधून घेतलेले फारसे आवडणार नाही. पण मामांची ही अटच शिक्का मारून जाणाऱ्याला जागेवर खेचून आणते. ज्याला ती मान्य नसेल त्याला नेमू नये, हे माझेही मत आहे. भाची आपल्याकडून दोन गोष्टी जोडते. नेमण्याआधी त्याचा परवाना चालू आहे का आणि तुमच्या घराएवढ्या कामाला तो पुरतो का, हे नगरपरिषदेत विचारून घ्यायचे, कारण नियमावलीत अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांच्या पात्रता आणि मर्यादा वेगवेगळ्या आहेत. आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीबरोबर मोजपट्टी धरून काढलेला फोटो ठेवायचा : खड्ड्याची खोली, रिंगांमधले अंतर, सळईखालचा कव्हर ब्लॉक. सळईवरचे काँक्रीटचे कव्हर फूटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, स्लॅबला २०. खडीचा तुकडा सळईखाली सरकवलेला दिसला तर तो काढून सिमेंटचा ठोकळा घालायला लावायचा आणि मगच सही करायची.

“आणि सेंट्रिंग?” मामा विचारतात. “दसरा तर जवळ आलाय.”

“बीमखालचे टेकू चौदा दिवस, आणि बीम सहा मीटरच्या वर असेल तर एकवीस. पाणी मारायचं ते पीपीसी सिमेंटला निदान दहा दिवस. वास्तुशांत दिवाळीनंतर करू, मामा. मुहूर्त तेव्हाही असतात.”

“मग वहीत तेही लिहून ठेव,” मामा म्हणतात. “म्हणजे घरात कोणी घाई केली, तर मलाही दाखवता येईल.”